फुकट कोडची कागदपत्रे

सॉफ्टवेअर प्रकाशित करणे म्हणजे स्वतः लिहिलेला थोडा कोड आणि दुसऱ्यांनी लिहिलेला पुष्कळ कोड एकत्र बांधून लोकांच्या हाती देणे. दुसऱ्यांचा कोड बहुधा फुकट मिळतो, पण तो बेवारस नसतो. त्याला मालक असतो, मालकाच्या अटी असतात, आणि त्या अटींचा कागद म्हणजे लायसन्स. कोणाचे काय घेतले, कोणत्या अटीवर घेतले, एकाच्या अटी दुसऱ्याच्या अटींशी भांडत तर नाहीत ना, आणि माल बाहेर जाताना कोणते कागद त्याच्याबरोबर जायला हवेत, हा हिशोब ठेवणे हे ओपन सोर्समधले सर्वांत कंटाळवाणे काम मानले जाते. म्हणून ते सर्वांत शेवटी निघते आणि सर्वांत नवख्या माणसाच्या गळ्यात पडते.

विषय समजायला नौबाद सोयीचे आहे. बीदर शहराला लागलेल्या या वस्तीच्या पोटातून बहामनी काळातली कारेझ जाते: जमिनीखालून सुमारे तीन किलोमीटर गेलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर उजेड-वाऱ्यासाठी, गाळ उपसण्यासाठी खोदलेल्या उभ्या विहिरींची रांग. तंत्र इराणचे, कातळ दख्खनचा. या विहिरी नकाशावर दाखवणारे ॲप इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी केले, असे समजावे. बीदर जिल्ह्यात एका भाषेत कुणाचे भागत नाही, म्हणून ॲप कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत आहे.

ॲपची झडती घेतली तर काय निघते? नकाशा हलवणारी ‘लीफलेट’ ही लायब्ररी. नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. डेटाबेस एसक्यूलाइटचा. तीन लिप्यांचे तीन फॉन्ट. विहिरींची माहिती पीडीएफमध्ये उतरवणारे ‘आयटेक्स्ट’. विकिमीडिया कॉमन्सवरचा कारेझचा एक फोटो. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून आलेल्या शेकड्याने लहान लायब्रऱ्या, ज्यांतल्या बहुतेकींची नावे चौघांपैकी एकानेही ऐकलेली नाहीत, कारण त्या दुसऱ्या लायब्रऱ्यांचे बोट धरून आल्या. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उतरवलेल्या पाच-सात तुकड्यांचीही यात भर. चौघांचे स्वतःचे म्हणावे तर विहिरींची यादी, रंगसंगती आणि ‘सबमिट’ हे बटण. रंगसंगतीबद्दल वाद आहे.

आता याच प्रकल्पाचा छापील अहवाल पाहावा. सुरुवातीलाच ‘हे काम आम्ही स्वतः केले आहे’ असे प्रतिज्ञापत्र असते, चौघांच्या सह्यांसह. मागोमाग आभाराचे पान. त्यात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, प्रयोगशाळेतले अटेंडर, आईवडील आणि ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मदत करणारे सर्व’ यांचे ऋण मान्य केलेले असते. लीफलेट मुळात ज्यांनी लिहिले ते युक्रेनचे व्लादिमिर अगाफोंकिन यांची गणना अप्रत्यक्ष मदत करणाऱ्यांत झाली असावी. अडचण इतकीच की लीफलेटच्या बीएसडी लायसन्सला ‘प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष’ चालत नाही. त्याला नाव लागते.

भारतात या साऱ्याचा पाया १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या व्याख्येत ‘साहित्यकृती’मध्ये संगणकाचा प्रोग्रामही येतो. कायद्याने साहित्यिक ठरलेल्या या मंडळींना संमेलनाची निमंत्रणे जात नाहीत, त्यामुळे मानधनाचा प्रश्न उद्भवत नाही. पण हक्क मात्र पूर्ण मिळतात. नोंदणी करावी लागत नाही, कोड लिहिला की हक्क लागू. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो. आज विशीतल्या पोराने लिहिलेली लॉगिनची स्क्रीन पुढचे शतक उजाडल्यावरही कुणाच्या तरी नातवाच्या मालकीची असू शकते. ती चालेल की नाही, याबद्दल कायदा काही बोलत नाही.

यावरून पहिला नियम निघतो, आणि नेमका तोच उलटा समजला जातो. कोडसोबत लायसन्स नसेल तर तो ‘सर्वांसाठी मोकळा’ नसतो; तो कोणासाठीच मोकळा नसतो. गिटहबवर उघड्यावर ठेवलेला असा कोड पाहता येतो, तिथल्या तिथे फोर्क करता येतो, पण उचलून आपल्या ॲपमध्ये घालता येत नाही. लेखकाला मेल टाकून लायसन्स जोडायला सांगणे हा उपाय आहे. पुष्कळ लेखक एका दिवसात जोडतात. उरलेल्यांनी तो मेल आयडी कॉलेज सुटताना सोडलेला असतो.

लायसन्सांमध्ये सर्वांत साधी एमआयटी आणि बीएसडी. घ्या, बदला, विका; फक्त हक्कधारकाचे नाव आणि हा मजकूर काढू नका, आणि काही बिघडले तर आमच्याकडे येऊ नका. एवढ्या स्वस्त सौद्यातही लोक कमी पडतात. पण बीएसडीच्या जुन्या रूपात आणखी एक कलम होते: या सॉफ्टवेअरच्या गुणांचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत ‘यात कॅलिफोर्निया विद्यापीठाने केलेले काम आहे’ असे वाक्य छापावे. एका विद्यापीठापुरते ते ठीक होते. मग इतरांनी ते कलम उचलले आणि विद्यापीठाच्या जागी आपापले नाव घातले. तेव्हापासून त्याची लग्नपत्रिका झाली: आजोबांचे नाव घातले की चुलत आजोबा, ते घातले की मामा, आणि मग ‘आमच्याकडच्या पोरांची नावे किलबिलमध्ये तरी येऊ द्या’. १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्ये मोजली. जाहिरातीत मालासाठी जागा उरेना. अखेर २२ जुलै १९९९ रोजी बर्कलीच्या त्या विद्यापीठाने आपल्या कोडपुरते ते कलम मागे घेतले. इतरांच्या जुन्या कोडमध्ये ते अजूनही अधूनमधून भेटते, आणि भेटले की जीपीएलशी त्याचे जमत नाही.

जीपीएलची अट वेगळ्या जातीची. पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची, तिसरी २९ जून २००७ ची. घ्या, बदला, विकासुद्धा; पण ज्याला प्रोग्राम द्याल त्याला सोर्सही द्या आणि तुम्हाला मिळाले तेच हक्क त्याला द्या. ‘जीपीएलचे विकता येत नाही’ ही समजूत कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. विकता येते. घेणाऱ्याने ते दुसऱ्या दिवशी फुकट वाटले तर रागावता येत नाही, इतकेच. सोर्स सोबत दिला नाही तर ‘मागाल तेव्हा देऊ’ असे लेखी वचन द्यावे लागते आणि ते किमान तीन वर्षे पाळावे लागते. चौघांपैकी तिघे तोवर बेंगळुरूला किंवा पुण्याला असतात आणि चौथ्याचा लॅपटॉप भावाकडे असतो.

एजीपीएल हे जीपीएलचेच कडक भावंड. प्रोग्राम बदलून किंवा आपल्या कोडमध्ये गुंफून, कुणाच्या हाती न देता नुसता सर्व्हरवरून वापरायला दिला, तरी वापरणाऱ्याला सोर्स मागता येतो. नौबादच्या ॲपमध्ये हे कलम पीडीएफच्या वाटेने आत शिरते. आयटेक्स्ट पूर्वी सौम्य लायसन्सांवर मिळे. २००९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ते एजीपीएलवर आहे. चौघांपुढे तीन मार्ग उरतात: सगळे ॲप एजीपीएलखाली उघडे करणे, आयटेक्स्टचे व्यापारी लायसन्स विकत घेणे, किंवा ते काढून अपाचे लायसन्सवरचे पीडीएफबॉक्स लावणे. चौथा मार्ग म्हणजे ‘कोण बघायला येतंय?’ हा सर्वांत लोकप्रिय असला तरी लायसन्सच्या मजकुरात तो सापडत नाही.

काही लेखकांनी अटींतच गंमत करून ठेवली आहे, आणि वकिलांची सर्वाधिक झोप यांनीच उडवली. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांचे ‘बिअरवेअर’ सांगते की कधी भेट झाली आणि कोड आवडला असेल तर बिअर पाजा. डग्लस क्रॉकफर्ड यांनी एमआयटीच्या मजकुरात एक ओळ घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावे, वाईट कामासाठी नव्हे. आयबीएमच्या वकिलांनी त्यांच्याकडे वेगळी परवानगी मागितली, कारण आपले ग्राहक पुढे काय करतील याची हमी त्यांना देता येईना. क्रॉकफर्ड स्वतःच सांगतात की त्यांनी आयबीएमला, तिच्या ग्राहकांना आणि हस्तकांना वाईट कामाची रीतसर परवानगी देऊन टाकली. बाकी जगाची पंचाईत तशीच राहिली. वापरावर असे बंधन म्हणजे लायसन्स मोकळे नव्हे, म्हणून डेबियन हे लिनक्सचे वितरण ते स्वीकारत नाही, आणि अपाचे फाउंडेशननेही २०१६ मध्ये ते वर्ज्य यादीत टाकले. तिसरे एक लायसन्स ‘मनाला येईल ते करा’ एवढेच सांगते, पण त्याचे नाव घरात येणाऱ्या मासिकात छापण्यासारखे नाही. मार्च २०१६ मध्ये ज्या ११ ओळींच्या ‘लेफ्ट-पॅड’ लायब्ररीने जगभरचे प्रकल्प अडकवले, ती याच लायसन्सवर होती. दुसऱ्या एका लायब्ररीच्या नावावरून झालेल्या वादात लेखकाने आपल्या पावणेतीनशेच्या आसपास लायब्रऱ्या एनपीएमवरून काढून घेतल्या, आणि मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा सोडण्याचे काम आपण तिऱ्हाइतावर सोपवले होते, हे मोठमोठ्या कंपन्यांना त्या दिवशी कळले.

एसक्यूलाइटचे उलटे दुखणे आहे. ते लेखकांनी सार्वजनिक मालकीत सोडले. अट एकही नाही. अट नाही म्हटल्यावर काही कंपन्यांचे समाधान होईना. म्हणून एसक्यूलाइटवाले मालकीची हमी देणारा कागद पैसे घेऊन विकतात. फुकट वस्तूसाठी पैसे भरून कागद नेणारे ग्राहक त्यांना मिळतात.

फॉन्ट हा मराठी-कन्नड पट्ट्यातला खरा नाजूक विषय. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेला फॉन्ट मोफत नसतो, फक्त त्याचे बिल दुसऱ्याने भरलेले असते. कधी तेही नसते. मोकळे फॉन्ट मात्र आहेत, आणि त्यांची एक मराठी कथाही आहे. रेड हॅटने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या फॉन्टची मालिका जीपीएलवर प्रसिद्ध केली. तिचे काम पुण्यात चाले. जीपीएल प्रोग्रामसाठी लिहिलेले. फॉन्ट पीडीएफमध्ये जडवला की ती पीडीएफही जीपीएलखाली येते काय, असा प्रश्न त्यातून निघतो. लोहितमध्ये छापलेली लग्नपत्रिका ओपन सोर्स ठरावी, असे कोणत्याच पक्षाला वाटत नव्हते. जीपीएलला फॉन्टपुरती सवलत जोडून हे निस्तरता येते, पण २०११ मध्ये लोहितची मालिका सरळ ओपन फॉन्ट लायसन्सवर आली. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हेही याच लायसन्सवर आहेत. त्यामुळे ॲपची मराठी आणि कन्नड भागते. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’ आहे, तोही त्याच लायसन्सचा.

या लायसन्सची दोन कलमे ध्यानात ठेवावीत. फॉन्ट एकटा विकता येत नाही. सॉफ्टवेअरसोबत विकता येतो. ते सॉफ्टवेअर किती मोठे असावे हे सांगितलेले नाही, म्हणून ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणणारा एवढासा प्रोग्रामही सोबतीला पुरतो. दुसरे, कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर फॉन्टमध्ये बदल केल्यावर ते नाव वापरायचे नाही. ‘ळ’ची शेपटी वळवायची असेल तर खुशाल वळवावी आणि वळवलेल्या फॉन्टचे बारसे नव्याने करावे. कोड मोकळा म्हणून नाव मोकळे होत नाही, याचा अनुभव डेबियनने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे: ट्रेडमार्कच्या तिढ्यामुळे २००६ पासून दहा वर्षे तिथे फायरफॉक्स ‘आइसवीझल’ या नावाने राहत होता.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत एक पट्टी दिसते: डावीकडे ‘लीफलेट’, पुढे ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख. सादरीकरणाच्या आदल्या रात्री स्क्रीनशॉट ‘स्वच्छ’ यावा म्हणून ती पट्टी एका ओळीत गायब केली जाते. वास्तविक ‘लीफलेट’ हा शब्द काढला तरी चालते. त्याचे लायसन्स फाइलसोबत राहिले म्हणजे झाले. ओपनस्ट्रीटमॅपचे नाव मात्र दिसलेच पाहिजे. म्हणजे काढता येण्याजोगा अर्धा भाग तेवढा काढण्याचे सोडून सगळीच पट्टी जाते. ओपनस्ट्रीटमॅप अटींबाबत किती गंभीर आहे हे २०१२ मध्ये दिसले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिने क्रिएटिव्ह कॉमन्स सोडून ओडीबीएल हे डेटाबेसचे लायसन्स घेतले, आणि ज्यांनी संमती दिली नाही त्यांनी काढलेले रस्ते त्याआधीच नकाशावरून पुसले. चौघांनी विहिरींची यादी उन्हात फिरून केली असेल तर ती त्यांची. ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवून तीत भर घातली असेल, तर ती प्रसिद्ध करताना ओडीबीएल लागू होते. कोणता प्रकार झाला ते चेहऱ्याच्या रंगावरून कळते.

स्टॅक ओव्हरफ्लोचा कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नाव द्या, तशाच अटींवर पुढे द्या’ या लायसन्सवर असतो. घाईत उत्तराऐवजी प्रश्नातलाच बिघडलेला कोड उतरवला जातो; लायसन्स दोहोंना तेच.

अटी एकेकट्या समजल्या तरी एकत्र नांदतील असे नाही. अपाचे २.० आणि जीपीएलची दुसरी आवृत्ती दोन्ही मोकळी, दोन्ही लिहिणारे सज्जन, तरी दोहोंचा कोड एका प्रोग्राममध्ये गुंफून वाटता येत नाही: अपाचेतले पेटंटचे कलम जीपीएल-२ ला जादा बंधन वाटते. जीपीएल-३ ला वाटत नाही. म्हणून जीपीएल-२ च्या फाइलच्या माथ्यावर ‘किंवा पुढची कोणतीही आवृत्ती’ हे चार शब्द आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. एकूण लिनक्स कर्नलच्या लायसन्समध्ये ते नाहीत.

हे सगळे सज्जनांच्या विनंतीपुरतेच आहे, असा समज अमेरिकेत २००८ पर्यंत काही जणांचा होता. तो मोडला खेळण्यातल्या आगगाड्यांनी. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बॉब जेकबसन छोट्या गाड्या चालवण्याचे सॉफ्टवेअर फुकट देत. दुसऱ्या एकाने त्यातल्या फाइली नावे आणि लायसन्सचा मजकूर काढून आपल्या मालात घातल्या. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ होत नाहीत. अट मोडली तर तो कॉपीराइटचा भंग. त्या सुमारास बीदरला कलबुर्गीच्या खऱ्या रेल्वेची वाट पाहणे चालू होते. ती २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली.

व्यवस्थापनाचा प्रत्यक्ष भाग छोटा आहे आणि त्याचे मर्म वेळेत आहे: कोड आत येतो त्या दिवशी नोंद करायची, बाहेर जातो त्या दिवशी नव्हे. नाव, आवृत्ती, कुठून घेतले, लायसन्स कोणते, आपण बदल केला का, एवढी एक ओळ पुरते. दुसऱ्यांचा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ लायसन्सच्या फाइलीसह. अपाचेवाल्यांची ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तीही. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची एक ओळ, जिच्यात लायसन्सचे ठरलेले लघुनाम असते. ही पद्धत २०१० मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिला आयएसओचा क्रमांकही मिळाला. नोंदी करायच्या राहिल्याच असतील तर फॉसॉलॉजी, स्कॅनकोड अशी यंत्रे सगळा कोड चाळून लायसन्सांचे मजकूर हुडकतात. ती नोंदणी फॉर्ममधल्या ‘ड्रायव्हिंग लायसन्स क्रमांक’ या रकान्यावरही दचकू शकतात. मजकूर खरवडून काढलेला असेल तिथे मात्र त्यांचाही नाइलाज होतो.

खरवडण्याचे काम बहुधा माणूस करत नाही, दुसरे यंत्र करते. लीफलेटच्या फाइलच्या माथ्यावर तीन-चार ओळींची टीप असते: नाव, आवृत्ती, पत्ता, आणि अगाफोंकिन व क्लाउडमेड या हक्कधारकांची नावे. ती राखावी अशी खूणही टीपेत असते. पण फाइली आकसवणाऱ्या यंत्राला ‘सर्व कॉमेंट काढा’ असे सांगितलेले असले तर ते खुणेसकट टीप खाते. वाचतात काहीशे बाइट. त्याच ॲपच्या पहिल्या पानावर पाहुण्यांच्या सत्काराचा पाच एमबीचा फोटो असतो.

बाहेर जाताना सोबत काय जाते ते कोणत्याही अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’, मग ‘कायदेशीर माहिती’ इथे पाहता येते. तिथली तिऱ्हाइतांच्या लायसन्सांची यादी अंगठा दुखेपर्यंत सरकते. वाचण्यासाठी ती नसते, असण्यासाठी असते. ॲपमध्येही असाच एक पडदा हवा, आणि फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव. डेबियनमध्ये नवे पॅकेज जाते तेव्हा फाइलवार हक्कधारकांची यादी माणसे तपासतात आणि उणीव दिसली की परत पाठवतात. आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे सरकारी कामात ही यादी मागितली जाऊ लागली आहे. तिच्यात लायसन्सचाही रकाना असतो.

पुढची आवृत्ती काढताना यादी पुन्हा करावी लागते, कारण लायब्ररीची नवी आवृत्ती नव्या लायसन्सवर आलेली असू शकते. २०१७ मध्ये रिॲक्ट पेटंटचे कलम सोडून एमआयटीवर आले. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म उलट दिशेने गेले. जुनी आवृत्ती जुन्या अटींवरच राहते, एवढा दिलासा.

आणि चूक उघडकीला आलीच तर? एमआयटी-बीएसडीत बहुधा राहिलेला मजकूर जोडून नवी आवृत्ती काढली आणि दोन ओळींची दिलगिरी कळवली की लेखकांचे समाधान होते. जीपीएल-२ मात्र अट मोडताक्षणी हक्क काढून घेते. जीपीएल-३ ने सवलत दिली: पहिलीच चूक असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर हक्क परत मिळतात. २०१७ मध्ये लिनक्स कर्नलच्या अनेक लेखकांनी आपल्या जीपीएल-२ च्या कोडसाठीही हीच सवलत जाहीर केली. हे ३० दिवस हक्कधारकाची सूचना मिळाल्यापासून मोजतात. त्याआधीची सगळी वर्षे मोफत वापरून झालेली असतात.